तोच व्यायाम आता सोपा वाटतोय, पुढे काय बदलू?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४३, बँकेत बैठं काम, दीड वर्षापूर्वी वजन ११८ किलो होतं, आज ८९ आहे. सकाळी रंकाळा तलावावर तासभर चालणं आणि घरी २० बैठका, एवढाच व्यायाम पहिल्यापासून चालू आहे. सुरुवातीला धाप लागायची, आता धड घामही येत नाही, आणि दोन महिने झाले काटा जागचा हलत नाही. बरोबर चालणाऱ्यांपैकी कुणी म्हणतं दोन तास चाल, कुणी म्हणतं आता पळायला लाग. थायरॉईड आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मग नेमकं काय बदलायचं आणि किती?

मी इथे कोल्हापुरातच फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. बरंच वजन उतरवलेली जवळपास प्रत्येक व्यक्ती या टप्प्यावर येऊन अडते. आधी सरळ उत्तर देते. चालण्याचा वेळ वाढवू नका. पळायची घाई करू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलायला सुरुवात करा, आणि चालताय त्यातलाच थोडा भाग अवघड करा. यामागचं कारण नीट सांगते, कारण ते कळलं की पुढच्या वर्षभराचे बदल तुमचे तुम्हाला ठरवता येतील.

व्यायाम सोपा वाटायला लागतो त्यामागे दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे तुमचं शरीर खरोखर तयार झालंय. हृदय एका ठोक्यात आधीपेक्षा जास्त रक्त ढकलतं, पायांचे स्नायू ऑक्सिजन जास्त चांगला वापरतात, त्यामुळे त्याच वेगाला नाडीचे ठोके आधीपेक्षा कमी असतात. दुसरी गोष्ट म्हणजे ओझंच कमी झालंय. २९ किलो म्हणजे घरातला भरलेला गॅस सिलिंडर. तो अंगावर घेऊन तुम्ही रंकाळ्याला फेरी मारत होता, जिने चढत होता, खुर्चीतून उठत होता. आता तो उतरवून ठेवलाय. म्हणजे व्यायाम कागदावर तोच दिसत असला तरी शरीराच्या हिशोबाने तो खूप हलका झालाय, आणि हे हळूहळू होत गेल्यामुळे तुमच्या लक्षात आलं नाही.

आकड्यात सांगायचं तर, सपाट रस्त्यावर ताशी ५ किलोमीटरने तासभर चालायला ११८ किलोच्या शरीराला ढोबळमानाने ४०० कॅलरी लागतात. ८९ किलोच्या शरीराला तेवढ्याच चालण्यात ३०० च्या आसपास लागतात. शंभराचा फरक, म्हणजे एक लहान भाकरी. शिवाय वजन उतरल्यावर झोपेत, बसल्या जागी शरीर जो खर्च करतं तोही घटतो, आणि तो वजनाच्या हिशोबापेक्षा थोडा जास्तच घटतो. काटा अडलाय तो तुमच्या आळसामुळे नाही. तुमचं आजचं खाणं आणि आजचा खर्च, दोन्ही एका पातळीवर आलेत.

"मग तासाचे दोन तास केले की झालं" असं वाटणं साहजिक आहे. पण नोकरी करून, घरचं सगळं बघून रोज दोन तास किती महिने निघतील? आणि त्याहून महत्त्वाचं, चालणं वाढवून स्नायूंचा प्रश्न सुटत नाही. आणि माझ्या मते या टप्प्यावरचा खरा प्रश्न तोच आहे.

मोठं वजन उतरतं तेव्हा फक्त चरबी जात नाही. ताकदीचा व्यायाम नसेल, प्रथिनं कमी पडत असतील, तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबी सोडून इतर ऊतींचा असू शकतो, त्यात स्नायू आले. तुमच्या मांड्या आणि पोटऱ्या ११८ किलो उचलायला सरावलेल्या होत्या. एका अर्थी वर्षानुवर्षं तुमचा वेट ट्रेनिंगचा व्यायाम चालूच होता. आता ते ओझं गेलं, तेव्हा शरीर म्हणतं, एवढे स्नायू सांभाळायचे कशाला? हाडांचंही तेच. वजन उतरताना हाडांची घनता थोडी कमी होते, आणि चाळिशीनंतर पाळी जायच्या काळात बायकांमध्ये ती तशीही घसरते. म्हणून जे ओझं चरबीच्या रूपाने उतरवलंत, त्यातलं थोडं हातात घ्या, आठवड्यातला थोडाच वेळ, पण ठरवून. "वजन उचलून पुरुषी दिसायला लागेन" ही भीती मनातून काढून टाका. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या तुलनेत फारच थोडं असतं. तसं अंग कमवायला वर्षानुवर्षं त्याच एका ध्येयाने राबावं लागतं.

सुरुवात खुर्चीपासून करा. जेवणाच्या टेबलाची साधी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. पुढच्या कडेवर बसा, पाय खांद्याएवढ्या अंतरावर, हात छातीवर घडी. आता मोबाईलवर ३० सेकंद लावा आणि पूर्ण उभं राहून पूर्ण बसायचं, किती वेळा होतं ते मोजा. तो आकडा वहीत लिहा, तारखेसकट. महिन्याने परत मोजायचा. काट्यापेक्षा हा आकडा मला जास्त सांगून जातो, कारण वजन उतरताना तो वाढत असेल तर स्नायू टिकलेत.

मग त्याच खुर्चीवर व्यायाम. मुलांची जुनी सॅक घ्या, त्यात पाच किलोची आट्याची पिशवी टाका आणि सॅक छातीशी दोन्ही हातांनी कवटाळून धरा. बसताना तीन आकडे मोजत हळूहळू खाली या, खुर्चीला जेमतेम टेका, उठताना झटक्यात उठा. असं ८ ते १२ वेळा. मग दोन मिनिटं विश्रांती. असे तीन फेरे. थांबाल तेव्हा "अजून दोनदा जमलं असतं" एवढीच ताकद शिल्लक असायला हवी. पाच-सहा शिल्लक असतील तर वजन कमी पडतंय. एकही शिल्लक नसेल, उठताना गुडघे आत वळत असतील, तर जास्त होतंय.

वाढवायचं कधी? तिन्ही फेऱ्यांत १२ चा आकडा सलग दोन दिवस आरामात निघाला की एक-दोन किलो वाढवा. आकडा परत ८-९ वर येईल, तो यायलाच हवा. तिथून पुन्हा १२ पर्यंत चढायचं. हा एवढाच नियम पुढचे अनेक महिने पुरतो. आट्याच्या पिशवीने भागेनासं झालं की डंबेल घ्या किंवा जिम लावा.

बाकीच्या हालचाली थोडक्यात. पाण्याची बादली जमिनीवरून उचलून उभं राहणं, कमरेतून वाकताना पाठ सरळ ठेवून, नितंब मागे ढकलून. बादलीचं बरं असं की एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन हवं तसं वाढवता येतं. ढकलण्यासाठी भिंतीवर हात टेकवून जोर, मग ओट्यावर, मग खुर्चीवर, महिन्या-दोन महिन्यांनी जमिनीवर. ओढण्यासाठी एका हाताने टेबलाला टेकून दुसऱ्या हाताने पाण्याचा कॅन कमरेपर्यंत ओढणं. आणि जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं, हे अजिबात वगळू नका, पळायचा विचार असेल तर याच पोटऱ्या पुढे कामाला येणार आहेत. सगळं मिळून ३५-४० मिनिटं. आठवड्यातून दोन दिवस, जमलं तर तीन, मध्ये एक दिवस सोडून.

तुमच्या २० बैठकांबद्दल. त्या चांगल्याच आहेत, पण २० च्या १०० आणि १०० च्या २०० करत बसू नका. आपल्या गावात बैठका म्हटलं की तालमीतले हजार-हजारांचे आकडे डोळ्यांपुढे येतात. पण तालमीत पोरं फक्त बैठका मारत नाहीत. हौद्यातली माती उकरतात, दोर चढतात, करेला म्हणजे जड मुद्गल फिरवतात, जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारतात. वस्ताद नुसता आकडा वाढवत नाही, ओझं आणि हालचालही बदलतो. त्यातलं हे घेण्यासारखं आहे. चवड्यांवर झपाझप शेकड्यांनी बैठका हे मात्र लहानपणापासून सरावलेल्या हलक्या गुडघ्यांचं काम आहे.

आता चालणं. ते सोडायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय. तुमचं चालणं या पहिल्या अटीच्या वरच आहे, फक्त ते मध्यम राहिलेलं नाही. तपासायची सोपी रीत अशी: चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, तर मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर जोराचा. मैत्रिणीशी संपूर्ण फेरीभर गप्पा मारता येत असतील तर तो फेरफटका झाला. तो मनाला चांगला आहे, तो ठेवा, पण व्यायामात धरू नका.

दोन दिवस चालण्यात असा बदल करा. दहा मिनिटं नेहमीसारखं, मग एक मिनिट जितकं भरभर चालता येईल तितकं, मग दोन मिनिटं सावकाश. असं सहा वेळा, शेवटी दहा मिनिटं पुन्हा नेहमीसारखं. घड्याळ नको वाटत असेल तर दिव्याचे खांब धरा, दोन खांब जोरात, चार खांब सावकाश. दोन-तीन आठवड्यांनी सहाचे आठ करा, मग जोराचं मिनिट दीड मिनिटाचं करा. एकाच आठवड्यात दोन्ही वाढवू नका.

एक दिवस चढावर घालवा, हा माझा विशेष आग्रह आहे. रंकाळ्याची वाट सपाट आहे, तिथे वेग वाढवण्याला मर्यादा येते. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या साध्या चढावर त्याच वेगाने चाललात तर शरीराला दीडपटीहून जास्त काम पडतं, आणि पाय आपटत नाहीत म्हणून गुडघ्यांवर पळण्यासारखा मार बसत नाही. टेंबलाई टेकडीचा चढ शहरातच आहे. सुरुवातीला दोनदा चढा, मग तीनदा. आत्मविश्वास आला की एखाद्या रविवारी ओळखीच्या लोकांबरोबर जोतिबा पायी चढून जा, पण पहिल्या एक-दोन वेळा उतरताना एसटीने किंवा गाडीने या. चढताना दम लागतो पण दुखत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणत असतानाच जोर लावतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बँकेच्या खुर्चीतून उठता येत नाही ते त्यामुळे. उतार नंतर थोडा थोडा वाढवत नेता येतो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस बाहेरचं वेळापत्रक मोडतो. त्या महिन्यांसाठी घरचा किंवा अपार्टमेंटचा जिना ठरवून ठेवा. भरभर चढायचं, कठड्याला धरून हळू उतरायचं, हेच तुमचं जोराचं मिनिट. शेवाळलेल्या वाटेवर भरभर चालण्याचा हट्ट नको.

पळण्याबद्दल. चालताना पावलावर साधारण वजनाएवढा किंवा किंचित जास्त भार येतो. पळताना दरवेळी तो वजनाच्या दोन ते तीन पट होतो. गुडघेदुखी असलेल्या वजनदार लोकांच्या अभ्यासात दिसलंय की एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. म्हणजे तुमच्या गुडघ्यांवर तुम्ही आधीच मोठे उपकार केलेत. पण हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, तशा टाचेमागची शीर, तळव्याचा पट्टा आणि नडगीचं हाड होत नाहीत. त्यांना महिने लागतात. दम पुरतोय म्हणून माणूस पळत सुटतो, आणि तीन-चार आठवड्यांत सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते. माझ्याकडे अशा टाचा नेहमी येतात, आणि वाईट हे वाटतं की त्यांचं चालणंही काही महिने बंद पडतं, वजन परत चढायला लागतं.

म्हणून पळायच्या आधी तीन गोष्टी जमायला हव्यात. तासभर भरभर चालून दुसऱ्या दिवशी कुठे दुखत नाही. एका पायावर उभं राहून, भिंतीला बोटं टेकवून, टाच १५ वेळा पूर्ण उचलता येते, दोन्ही पायांवर वेगवेगळी. आणि खुर्चीतून एका पायावर निदान पाच वेळा उठता येतं. तिन्ही जमल्यावर अर्धं मिनिट हलकं पळणं, दीड मिनिट चालणं, असं आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोनदा. आणि पळायची आवडच नसेल तर कधीच पळू नका. वजन टिकवायला पळावं लागतंच असं नाही.

बूट मात्र आधी बदला. ११८ किलोला वापरलेल्या बुटांचा सोल आतून दबून एका बाजूला कललेला असतो, वरून कितीही चांगले दिसोत. नवे घेताना पाय मोजून घ्या, एवढं वजन उतरल्यावर पावलाची रुंदी आणि कधी कधी नंबरही कमी होतो. पोटाची, मांडीची सैल त्वचा वेग वाढवल्यावर घासून सोलवटते, तिथे अंगालगत बसणारे कपडे घाला. स्पोर्ट्स ब्रासुद्धा आताच्या मापाची हवी.

औषधांचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतेय. शुगरच्या गोळ्यांत फक्त मेटफॉर्मिन असेल तर व्यायामाने साखर फार खाली जाण्याची शक्यता कमी असते. पण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्शुलिन असेल, तर वजन उतरल्यावर आणि व्यायाम वाढवल्यावर जुना डोस जास्त पडू शकतो. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, अचानक कडकडून भूक, डोकं गरगरणं, अशी लक्षणं दिसली तर जागीच थांबा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी शुगर तपासा. पर्समध्ये साखरेच्या पुड्या ठेवाच. थायरॉईडच्या गोळीचा डोसही वजनाशी निगडित असतो, आणि तुमचं वजन चौथ्या हिश्शाएवढं उतरलंय. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, बरेच महिने केली नसेल तर आता करा. डोस जास्त झाला तर छातीत धडधड आणि झोप न लागणं सुरू होतं, आणि माणूस त्याचा दोष नव्या व्यायामाला देतो. गोळ्या मनाने कमी किंवा बंद करू नका, डॉक्टरांना वजनाची वही दाखवा. मधुमेह आणि चाळिशी दोन्ही आहेत, म्हणून जोराची मिनिटं सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी हवी का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. चालताना छातीत आवळल्यासारखं झालं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "आज बरं नाही वाटत" म्हणून घरी झोपू नका, तडक दवाखाना गाठा.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगायलाच हवं. वजन उचलून स्नायू टिकायचे असतील तर दिवसाला ८५ ते १०० ग्रॅम प्रथिनं लागतील, किडनीचा त्रास नसेल तर. एका अंड्यात सहा ग्रॅम, मोठ्या पेल्यातल्या दुधात आठ, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये पंचवीसच्या पुढे. तांबडा-पांढरा रस्सा असेल त्या दिवशी रश्श्याच्या वाट्या कमी आणि फोडी जास्त, एवढा बदल पुरे. मिसळीतली मटकी उत्तम आहे, अडचण फरसाण आणि कटाच्या तेलाची असते. काटा हलवायचं काम मुख्यतः ताटच करणार आहे. नवा व्यायाम तुमची ताकद, हाडं आणि दम वाढवेल, काट्यावर त्याचा परिणाम हळू दिसेल. पहिले दोन-तीन आठवडे तर स्नायूंत पाणी धरल्यामुळे किलोभर वाढलेलंही दिसू शकतं. त्याने घाबरून जेवण तोडू नका. कमरेचा घेर बेंबीपाशी टेपने मोजा, १५ दिवसांतून एकदा.

दर पाचव्या-सहाव्या आठवड्याला सगळं थोडं सैल सोडा, वजनं निम्मी, जोराची मिनिटं बंद, फक्त साधं चालणं. सांध्यातलं दुखणं २४ तासांहून जास्त टिकलं, सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर राहायला लागली, झोप तुटायला लागली किंवा पाळीचं चक्र अचानक बदललं, तर तो सैल आठवडा लगेच घ्या.

येत्या आठवड्यात एवढंच करा: सोमवारी खुर्चीचा ३० सेकंदांचा आकडा लिहा, मंगळवार आणि शुक्रवार आट्याच्या पिशवीचा व्यायाम, बाकीचे दिवस रंकाळा नेहमीसारखा. जोराची मिनिटं डॉक्टरांची भेट झाल्यावरच. गोळ्यांची नावं आणि टीएसएचचा आकडा मला कळवा, म्हणजे पहिल्या महिन्याची वाढ किती ठेवायची ते नेमकं सांगता येईल.